एकच कागद, एकच कचेरी

मास्तर माणसे मोजत असत. जिवंत मोजत आणि मेलेलीही मोजत, आणि दोन्ही वेळा त्यांची तर्जनी सारख्याच अदबीने एकेकापुढून सरकत जाई. रविवारी सकाळी शिवाजीनगरच्या स्थानकावर मंडळी जमली की एकदा, गडाच्या पायथ्याशी एकदा आणि परतीच्या गाडीत बसल्यावर एकदा, अशी आमची तीनदा मोजणी होई. मधल्या वेळेत कुठे वीरगळांची रांग लागली किंवा बांधाला समाधीचे दगड दिसले, की त्यांचीही होई. आकडा खिशातल्या वहीत जाई. 'चौदा जण उतरलेत इथे,' असे ते म्हणत. मेलेल्या माणसाला त्यांनी माझ्यादेखत कधी मेलेला म्हटले नाही. तो उतरलेला असे. आपली गाडी पुढे निघालेली, एवढाच फरक.

ते शाळेचे मास्तर नव्हते. एस.टी.त वाहकाला चालक मास्तर म्हणतो, तेवढ्यावरून ते मास्तर. पुणे-जुन्नर मार्गावर त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर त्यांचे समवयस्क बागेतल्या बाकांवर बसून सुनांची गाऱ्हाणी सांगू लागले, तेव्हा मास्तर दर रविवारी त्याच मार्गाच्या गाडीत साधे प्रवासी म्हणून बसू लागले आणि वाटेतले गड, लेणी, वीरगळ, जुनी स्मशाने लोकांना दाखवू लागले. ज्या थांब्यांवर त्यांनी आयुष्यभर माणसे उतरवली, तिथे आता स्वतः उतरू लागले.

माझी ओळख येथे देणे क्रमप्राप्त आहे. मी अर्जनवीस. येरवड्यात एका कचेरीच्या फाटकासमोर, कडुनिंबाखाली माझे टेबल सत्तावीस वर्षे आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले, ते माझ्या इच्छेने नव्हे. परंतु माझ्या मसुद्यातली काना-मात्रेची चूक आजवर एकाही साहेबाला काढता आलेली नाही, आणि या भागातले दोन-तीन वकील अवघड प्रकरणात आधी माझ्याकडे येतात, मग न्यायालयात जातात. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे जे घडले, ते मला लिहिता येत नव्हते म्हणून घडले नाही, तर येत होते म्हणून घडले. ते समजावे यासाठी सांगतो.

मास्तर पहिल्यांदा माझ्याकडे आले ते एका थांब्यासाठी. नारायणगावच्या अलीकडे, एका गडाच्या पायथ्याशी गाडी थांबत असे. तो थांबा बंद झाला होता. त्यामुळे वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना दोन मैल चालावे लागे. मास्तरांना अर्ज करायचा होता. मी विषय लिहिला, संदर्भ लिहिला, दोन पानी निवेदन केले आणि शेवटी माझ्या पद्धतीप्रमाणे प्रतींची यादी जोडली. 'प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर' असे लिहून खाली पाच कचेऱ्यांची नावे. आमच्या व्यवसायात अर्जाचे वजन या यादीवर ठरते. एका साहेबाकडे गेलेला अर्ज तो साहेब दाबतो. पाच जणांकडे गेलेला अर्ज प्रत्येकजण दुसऱ्याच्या भीतीने हलवतो. तसेच झाले. दीड महिन्यात थांबा सुरू झाला. मास्तर पेढे घेऊन आले आणि म्हणाले, 'अर्जनवीस, तुमच्या लेखणीला ब्रेक नाही.' मी ते प्रशस्तिपत्र म्हणून स्वीकारले.

त्यानंतर त्यांनी मला रविवारचे आमंत्रण दिले. मी गेलो. विश्रांतवाडीच्या माझ्या घरात रविवारी मला फारसे कोणी काही विचारत नसे, हेही एक कारण होते. आमच्यात एक निवृत्त बँक कर्मचारी होते, दोन शिक्षिका होत्या आणि वाघोलीहून संगणक कंपनीतली चार-पाच मुले येत. त्यांतला निखिल नावाचा एकजण सतत मोबाइल उंचावून असे. पहिल्याच दिवशी त्याने विचारले, 'मास्तर, हा पॉइंट कोणता?' मास्तर म्हणाले, 'पॉइंट महाबळेश्वरला असतात. हा बुरूज आहे. इथे उभं राहणाऱ्याला खालून दगड बसायचे, सेल्फी नाही.' निखिलने मोबाइल खाली घेतला, आणि पुढची तीन वर्षे एक रविवार चुकवला नाही.

गडावर मास्तर राजांविषयी बोलत नसत. कोणी लढायांचा विषय काढला तर ते कंटाळत. 'राजे सगळ्यांना पाठ आहेत. पहाऱ्यावर कोण होतं ते सांगा,' असे म्हणत. पहारेकरी झोपत कुठे, त्यांच्या बायका पाणी कुठून आणत, गडावर कोणी आजारी पडले तर खाली कसे नेत, आणि खाली नेण्याच्या आत तो उतरला तर त्याला कुठे ठेवत, हे त्यांचे प्रश्न. उत्तरे सापडत नसत. पण तो प्रश्न कानात घेऊन तुम्ही गडावरून फिरलात की गवतात बुडालेले एखादे जोते, टाक्याच्या काठावर दोराने पडलेली खाच, उंबऱ्याच्या दगडाला पावलांनी आलेला खोलगटपणा, हे सारे आपोआप दिसू लागे. मी सत्तावीस वर्षे माणसांची गाऱ्हाणी लिहीत आलो. पण गाऱ्हाणे न करता गेलेल्या माणसांचाही कागद कुठेतरी असतो, हे मला तिथे कळले.

गड उतरला की दुपार द्राक्षांच्या पट्ट्यात जाई. दोन्ही बाजूंना मांडव, खाली हिरवी सावली, आणि मधूनच एखाद्या वायनरीची पांढरीशुभ्र इमारत. शनिवार-रविवारी तिथे पुण्याच्या गाड्यांची रांग लागे. मास्तरांना त्या बागांचा राग नव्हता. शेतकरी पाणी कसे जपतो, घड कसे विरळ करतो, याचे त्यांना कौतुकच होते. एकदा निखिल एका वायनरीत सगळ्यांना घेऊन गेला आणि मास्तरांपुढे पेला धरून म्हणाला, 'मास्तर, एक सिप घ्या ना, फ्री आहे.' मास्तरांनी पेला नाकाजवळ नेला आणि परत ठेवला. 'तीस वर्षं ड्रायव्हरच्या तोंडाचा वास बघून गाडी सोडली. आता मीच प्यायलो तर गाडी कोण सोडणार?' मग बाहेर येऊन ओट्यावर बसले आणि आम्ही येईपर्यंत तिथल्या पाहुण्यांची मोजणी करीत राहिले.

मृतांविषयीचे त्यांचे ज्ञान पुस्तकी नव्हते. ते सांगत, त्यांच्या उमेदीच्या वर्षांत एक प्राध्यापक दर हिवाळ्यात त्यांच्या गाडीने येत. नदीकाठी खोदकाम चाले. परतताना टपावर खापरांची पोती आणि शेजारच्या बाकावर मास्तर. त्या प्राध्यापकांनी त्यांना सांगितले होते की या नद्यांच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी वस्ती होती. मोठी माणसे मेली की त्यांना घरातच पुरत, आणि पुरण्यापूर्वी त्यांची पावले तोडत. का, ते कोणाला ठाऊक नाही. बहुधा परत निघून जाऊ नये म्हणून. लहान मूल गेले तर दोन रांजण घ्यायचे, तोंडाला तोंड लावून आडवे करायचे, मूल त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखाली पुरायचे. हे सांगून मास्तर म्हणत, 'मोठ्यांचे पाय तोडले, लहानांचे नाही तोडले. लहान मूल कुठे जाणार आहे?'

ज्या गावात पुढची गोष्ट घडली, त्या गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एकदा लिहिले तेवढे पुरे झाले. गावाबाहेर नदीच्या वळणावर एक बुटके टेकाड होते. माती राखेसारखी. अशा जुन्या वस्तीच्या जागेला गावोगाव पांढर म्हणतात, आणि त्या पांढरीची माती लोक पूर्वी घरे सारवायला नेत. टेकाडाच्या तिन्ही बाजूंना एका बागायतदाराची द्राक्षे होती, टेकाडही त्याच्याच मालकीचे. एका पावसाळ्यानंतर आम्ही तिथून जात असताना ओघळीने कापलेल्या कडेला मास्तर थांबले. मातीत एका मोठ्या रांजणाची कड दिसत होती. काठाखाली बोटांच्या टोकांनी दाबून केलेली नक्षी होती, एका ओळीत, जशी आपल्याकडे करंजीला मुरड घालतात तशी. आणि त्या काठाला भिडलेला दुसरा काठ.

मास्तर गुडघ्यावर बसले. मग त्यांनी खिशातून आपला जुना तिकीट-पंच काढला, मापासाठी काठाशेजारी ठेवला आणि निखिलला म्हणाले, 'एक फोटो. एकच.' फोटो झाल्यावर तळहाताने माती ओढून त्यांनी ती जागा पुन्हा झाकली. 'लांब नेववलं नसेल,' ते म्हणाले. 'म्हणून घरातच ठेवलं.' उठताना त्यांची तर्जनी पुढे झाली. 'एक. हाफ तिकीट.' त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि आम्ही गाडी पकडायला निघालो.

पंधरा दिवसांनी त्यांना मार्गावरच्या एका चालकाकडून कळले की बागायतदार ते टेकाड सपाट करणार आहे. तिथे नवी लागवड आणि पाहुण्यांसाठी वायनरीचे एक दालन होणार. दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या टेबलासमोरच्या बाकड्यावर होते. त्यांनी एका जुन्या छापील वे-बिलाच्या, म्हणजे वाहकाच्या तिकीट-हिशेबाच्या कागदाच्या, कोऱ्या पाठीवर काही ओळी लिहून आणल्या होत्या. तो कागद मला आज तोंडपाठ आहे, म्हणून जसाच्या तसा देतो.

'साहेब, नदीच्या वळणावरच्या पांढरीत लहान मुले ठेवलेली आहेत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून. एक मी पाहिले. आणखी असतील. जमीन सपाट करणार आहेत. कोणाला न सांगता लवकर यावे. मी स्टँडवर उभा राहीन.'

खाली सही आणि बिल्ला क्रमांक. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली तरी बिल्ला क्रमांक.

मी तो वाचला आणि हसलो. 'याला अर्ज म्हणत नाहीत, मास्तर,' मी म्हणालो. 'ही चिठ्ठी झाली.'

त्यांना राग आला नाही. माझे अक्षर वाईट आहे, तुम्ही फक्त नीट उतरवून द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मग त्यांनी एक अट घातली. तिचे कारणही सांगितले, आणि ते मला त्याच वेळी समजले होते. कागद फक्त पुरातत्त्वाच्या कचेरीत जायला हवा. बागायतदाराला आधी कळता कामा नये. 'तो वाईट माणूस नाही,' मास्तर म्हणाले. 'पण सरकारी माणूस शेतात आला की शेत आपलं राहत नाही, असं त्याला वाटणार. त्याच्या जागी मीही घाबरलो असतो. त्यांना आधी येऊन बघू द्या. मग मालकाला मी स्वतः सांगेन, समोर बसून. एकच कागद, एकच कचेरी. ऐकलंत ना?'

मी ऐकले होते.

ते गेल्यावर मी लिहायला बसलो आणि तीन पाने लिहिली. तेवढा चांगला मसुदा माझ्या हातून त्यापूर्वी झाला नव्हता. 'सहस्रावधी वर्षांपूर्वीच्या निष्पाप बालकांच्या चिरनिद्रेचा भंग होऊ पाहत आहे' हे वाक्य सुचले तेव्हा मी उठून चहा घेऊन आलो. गट क्रमांक टाकला, मालकाचे पूर्ण नाव टाकले, चतुःसीमा टाकल्या. आणि शेवटी प्रतींची यादी लिहिली. जिल्ह्याची कचेरी, तालुक्याची कचेरी, पंचायत समिती, पोलीस ठाणे, ग्रामपंचायत. असा मसुदा एकाच टेबलावर पडून राहावा हे मला सहन होईना. थांबा पाच प्रतींनी सुरू झाला होता. मग ही लेकरे पाच प्रतींनी वाचणार नाहीत काय, असे मी स्वतःशी म्हणालो.

सहीला मास्तर आले. शेवटचे पान मी पुढे केले, यादी मागच्या बाजूला होती. त्यांनी खिशातला चष्मा बाहेर काढला नाही. 'तुम्ही लिहिलंय ना?' असे विचारून सही केली. ती यादी त्यांना वाचून दाखवायला मी विसरलो, असे मी नंतर अनेकांना सांगितले. विसरलो नव्हतो. त्यांचे वे-बिल मी त्यांना परत दिले, 'आठवण म्हणून ठेवा' असे म्हणून. मग सहाही पाकिटे नोंदणी करून टाकली.

नवव्या दिवशी मास्तर आले. बाकड्यावर बसले नाहीत. 'चला,' एवढेच म्हणाले. आम्ही गाडीने गेलो. टेकाड नव्हते. नदीच्या वळणापर्यंत तांबडी जमीन सपाट झाली होती, आणि तिच्यात ठिकठिकाणी राखेचे पांढुरके पट्टे ओढले गेले होते. यंत्राच्या साखळ्यांचे वण ताजे होते. बांधाला मांडवाचे लोखंडी अँगल रचून ठेवलेले. मास्तर त्या पट्ट्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. मोजले काहीच नाही.

ग्रामपंचायतीचा शिपाई बांधावर भेटला. मोकळ्या मनाचा माणूस होता, त्याने सगळे सांगितले. 'तुमचा अर्ज आला आन् मासिक सभेत वाचला की. समदी बसली हुती, मालक बी हुते. भाषा लई भारी हाय म्हनले समदे. सरपंच म्हनले, असा अर्ज आपल्या पंचायतीत कुनी लिवला न्हाय. मालक काय बोलले न्हाईत. दुसऱ्या दिशी पोकलेन आला.'

माझ्या लेखनाचे एवढे जाहीर कौतुक पूर्वी कधी झाले नव्हते आणि पुढेही झालेले नाही.

परतीच्या गाडीत मास्तर खिडकीशी बसले. मी आयुष्यात केवळ दुसऱ्यांसाठी क्षमायाचना लिहिलेल्या आहेत. स्वतःसाठी एक वाक्य जुळेना. मंचरच्या पुढे ते स्वतःच बोलले.

'अर्जनवीस, तुम्ही थांबा नसताना घंटा मारलीत.'

'मास्तर, माझा हेतू...'

'हेतू नाही विचारला. घंटा मारली, गाडी थांबली. नको तो माणूस चढला. आता गाडी मागे घेता येत नाही.' मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, 'पानं तीन झाली होती ना? मी सहा ओळी दिल्या होत्या.'

दीड महिन्यानंतर पुरातत्त्वाचे एक अधिकारी खरोखर आले. तरुण होते, टेप आणि छत्री घेऊन आले होते, आणि माझा अर्ज त्यांच्या हातात होता. मास्तर ठरल्याप्रमाणे स्टँडवर उभे राहिले होते. अधिकाऱ्यांनी पट्ट्यांतली चार खापरे उचलून पिशवीत घातली, कागदावर लिहिले की प्रत्यक्ष पाहणीत कोणतेही अवशेष मूळ स्थितीत आढळून आले नाहीत, आणि जाताना म्हणाले की थोडे आधी कळवायला हवे होते. मास्तरांनी 'हो' म्हटले. ते एवढ्यावरच थांबले. अर्ज कोणी लिहिला, त्याच्या प्रती कुठे गेल्या, हे त्यांनी त्या अधिकाऱ्याला सांगितले नाही आणि मंडळीतल्या कोणालाही सांगितले नाही. निखिल तर कितीतरी दिवस माझ्यापाशी सरकारला शिव्या देत होता. मीही त्याच्या सुरात सूर मिसळून चार दिल्या.

टेकाड गेल्यापासूनचे सगळे रविवार मी चुकवले होते. अधिकारी येऊन गेल्यानंतर एका रविवारी मी स्थानकावर गेलो. मनात एकच धास्ती होती. मंडळी जमली, मास्तर उभे राहिले, तर्जनी सरकू लागली. शिक्षिका, बँकवाले, वाघोलीची मुले. मग माझ्यापाशी आली, इतरांपाशी जेवढी थांबते तेवढीच थांबली, आणि पुढे गेली. 'दहा,' ते म्हणाले. त्यांनी मला गाळले असते तर मी भांडलो असतो, रुसलो असतो, कदाचित एखादा कागदही लिहिला असता. त्यांनी मला मोजले. ते मला सोसले नाही. पुढच्या रविवारी मी गेलो नाही, आणि त्यापुढेही नाही. कामाचा व्याप वाढला आहे, असा निरोप दिला. मास्तरांनी बोलावणे पाठवले नाही. आमच्या बाकड्यावर ते परत कधी बसले नाहीत.

त्यांच्या जाण्याची बातमी मला निखिलच्या फोनने कळली. झोपेतच गेले. मी अंत्यविधीला पोहोचलो तेव्हा लोक परत निघाले होते. शोकसभेला मात्र वेळेवर गेलो. ज्यांना त्यांनी आयुष्यात तीनदा मोजले नव्हते असे पुष्कळ लोक तिथे बोलले. एकजण म्हणाले की मास्तर म्हणजे इतिहासाचे चालतेबोलते विद्यापीठ होते. मास्तर असते तर म्हणाले असते, विद्यापीठाच्या चौकात गाडी अर्धा तास अडकते, ती उपमा नको. मला बोलायला सांगितले तेव्हा माझा घसा बसला आहे असे मी खुणेने सांगितले.

महिन्याभराने त्यांचा मुलगा वारस दाखल्याच्या अर्जासाठी माझ्याकडे आला. बँकेत नोकरीला असलेला, मोजके बोलणारा गृहस्थ. 'बाबा म्हणायचे, कागद लिहायचा तर तुमच्याकडूनच,' तो म्हणाला. हे मास्तर पूर्वी म्हणत असत की नंतरही म्हणत राहिले, ते विचारायचे धैर्य मला झाले नाही. त्याने कागदपत्रांची पिशवी टेबलावर उलटी केली. सेवापुस्तकाच्या प्रतीत ते वे-बिल घडी करून ठेवलेले होते. मुलाने पाहिले आणि म्हणाला, 'हे काहीतरी जुनं आहे, टाकून द्या.' मी टाकले नाही. ते आज माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. गिऱ्हाइके ते वाचतात आणि विचारतात, हे कोणी लिहिले. मी सांगतो, माझ्यापेक्षा बरे लिहिणाऱ्या एका माणसाने.

तेव्हापासून गिऱ्हाइकाने स्वतः मागितल्याशिवाय मी प्रतींची यादी लिहीत नाही. समोरच्या रांगेतला नवा अर्जनवीस सांगतो की मी आता थकलो. त्याच्याकडे अर्जागणिक आठ प्रती निघतात.

गेल्या हिवाळ्यात मुलगी आणि जावई मला एका रविवारी नारायणगावकडे घेऊन गेले. कुठे जायचे ते त्यांनी ठरवले होते. मी वाटेतच ओळखले. नदीच्या वळणावर काचेचे दालन उभे होते. सगळीकडे मांडव, फलक, फुगे. फाटकाशी विटांच्या ओट्यावर एक रांजण ठेवलेला होता, पोटाला गेलेला तडा तारेने आवळलेला, आणि त्यात शोभेचे क्रोटन लावलेले. काठाखाली बोटांच्या टोकांनी दाबलेली नक्षी होती, एका ओळीत. दुसरा रांजण नव्हता.

गणवेशातली एक तरुणी पाहुण्यांना सांगत होती की तीन हजार वर्षांपूर्वी याच भागात लोक द्राक्षे पिकवीत आणि या रांजणात वाईन साठवीत. मी तिला विचारले, हे कशावरून. ती नम्रपणे म्हणाली, 'सर, आम्हाला असंच सांगायला सांगितलंय.' दोन मुलींनी रांजणाला हात लावून फोटो काढला. त्या गेल्यावर मी पुढे झालो आणि त्या खुणांवरून बोट फिरवले. माझे बोट त्यांत बसले नाही. त्या ज्याच्या होत्या, त्याची बोटे माझ्यापेक्षा बारीक असावीत. बहुधा बाई असावी. मी मनातल्या मनात 'एक' म्हटले. जावई म्हणाले, 'बाबा, आत चला, ऊन आहे.'

दुसऱ्या दिवशी मी टेबल मांडले नाही. घरी बसून एक कोरा कागद घेतला आणि वे-बिलावरच्या ओळी उतरवल्या. जिथे पांढर होती तिथे फाटक लिहिले, दोन रांजणांच्या जागी एक. सपाट करणार आहेत हे वाक्य गाळावे लागले. 'कोणाला न सांगता लवकर यावे. मी स्टँडवर उभा राहीन,' हे तसेच ठेवले. सत्तावीस वर्षांत प्रथमच खाली माझी स्वतःची सही केली. तिच्याखालची, प्रतींच्या यादीची, जागा मोकळी राहिली. ती बघताना मला दारात उघड्या अंगाने उभे राहिल्यासारखे वाटले.

टपालाने न टाकता तो कागद मी स्वतः पुरातत्त्वाच्या कचेरीत घेऊन गेलो. खिडकीतल्या कारकुनाने तो वाचला. पाठीमागे उलटून पाहिला, कोरी बाजू पाहून पुन्हा सरळ केला. बाकीच्या प्रती कोणाकोणाला दिल्या, असे त्याने विचारले. मी सांगितले, कोणालाच नाही. तो माझ्याकडे पाहून हसला. वाईट हेतूने नव्हे. जाणकार माणूस अडाण्याकडे पाहून हसतो, तसे.

'याला अर्ज म्हणत नाहीत, काका,' तो म्हणाला. 'ही चिठ्ठी झाली.'

'हो,' मी म्हणालो. 'पोच द्या.'